सटलरला मराठीत काय म्हणतात?

मी अनुवादक आहे. जाहिराती, माहितीपत्रकं, मिक्सर कसा वापरावा याच्या सूचना, मधूनच एखादं पुस्तक, मिळेल ते करते. गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा मजकूर हाती आला आणि तिसऱ्याच पानावर ‘सटलर’ आडवा आला. कोशात अर्थ सापडला : सैन्याच्या मागोमाग फिरून शिपायांना माल विकणारा. अर्थ सापडला, पण शब्द नाही सापडला. हे दुखणं अनुवाद करणाऱ्यालाच कळतं. पानापानावर तो माणूस येणार, पैसे उकळणार, तंबूत झोपणार आणि दर वेळी मी काय ‘सैन्याच्या मागोमाग फिरून माल विकणारा झोपला’ असं लिहू?

दोन दिवस डोकं खाजवून झाल्यावर आप्पांना फोन लावला. आप्पा माझे चुलते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी किराणा दुकान टाकून बसले. पाटीवर नावाच्या आधी ‘माजी सैनिक’ असं ठळक रंगवलेलं आहे. शिपाईगिरी आणि दुकानदारी दोन्ही केलेला, माझ्या ओळखीतला हा एकच माणूस.

“आप्पा, फौजेच्या मागं मागं फिरून माल विकणाऱ्याला काय म्हणायचं?”

“कॅन्टीनवाला.”

“दीडशे वर्षांपूर्वीचा हवाय.”

पलीकडे कुणीतरी पावशेर साखर मागत होतं. ती बांधून झाल्यावर आप्पा म्हणाले, “मग बाजारबुणगा. पण आता तसं कुणाला म्हणू नको बाई, मारत्याल.”

दोन्ही उत्तरं मी हसण्यावारी नेली. मग हळूहळू कळलं की आप्पांनी दोन्हीकडून बरोबर नेम धरला होता.

आधी कॅन्टीन. आमच्या घरात हा शब्द मोठ्या मानाचा. आप्पा सुट्टीवर यायचे तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकेतून निघणारी प्रत्येक वस्तू ‘कॅन्टीनची’ असायची. साबण कॅन्टीनचा, चादर कॅन्टीनची, घरातल्या मोठ्या माणसांनी माळ्यावर सरकवलेली बाटलीही कॅन्टीनचीच. आमच्याकडे कॅन्टीनचं म्हणजे स्वस्त आणि अस्सल. बाजारात तेच साबण मिळत होते, पण त्यांना तो वास नव्हता, असं माझी आजी शपथेवर सांगायची. इटालियनमध्ये ‘कान्तिना’ म्हणजे दारू साठवायचं तळघर. तिथून तो शब्द फ्रेंचांकडे गेला आणि अठराव्या शतकात इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थच होता बराकीतलं सटलरचं दुकान. कॉलेजात वडापाव मिळतो ते कॅन्टीन फार नंतरचं. म्हणजे आप्पांनी मला दिलेलं पहिलं उत्तर हे सटलरचंच, जरा अंघोळ घालून आणलेलं रूप होतं.

अंघोळ म्हणण्याला कारण आहे. ‘सटलर’ हा शब्द मुळात डच. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ घाणेरडी, हलकी कामं करणं. १५८५ पासून इंग्लंडच्या फौजा नेदरलँड्समध्ये डचांच्या बाजूनं स्पेनशी लढत होत्या. त्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो. त्या वेळच्या सरकारांना शिपाई भरती करता यायचे, पण पोटभर खायला घालता यायचं नाही. पगारसुद्धा महिनोन् महिने थकायचा. मग शिपायाला बिअर, ब्रेड, तंबाखू, सुईदोरा कोण देणार? गाडा घेऊन मागे येणारा हा माणूस, नाहीतर त्याची बायको. त्याच्यावर फौज जगायची आणि त्याला शिव्याही द्यायची.

शेक्सपिअरनं हे गिऱ्हाईक नेमकं हेरलं होतं. ‘हेन्री द फिफ्थ’ नाटकात राजा फ्रान्सवर स्वारी करायला निघतो, मोठमोठी भाषणं होतात, आणि पिस्टल नावाचा एक टपोरी म्हणतो की आपण तर बुवा छावणीत सटलर होणार, नफा चिकार. पुढे आपल्या टोळीला तो म्हणतो, चला पोरांनो फ्रान्सला, जळवांसारखं रक्त प्यायला. एकाच नाटकात राजाचंही युद्ध आहे आणि पिस्टलचंही. मला पिस्टलचं जास्त पटतं, कदाचित मी जाहिरातींचं काम करते म्हणून.

माझ्या मजकुरातला सटलर या पिस्टलचा खापरपणतू शोभेल. यादवी युद्धात उत्तरेच्या प्रत्येक रेजिमेंटला एक मान्यताप्राप्त सटलर असायचा. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, तोही वेळेवर मिळेल तर. सटलरच्या तंबूत तंबाखू, डबाबंद दूध, लोणी, वर्तमानपत्रं, कागद-टाक आणि कशाचं सारण आहे ते न विचारणंच बरं असे ‘पाय’ नावाचे भाजलेले पदार्थ मिळायचे. छावणीच्या पंचक्रोशीत दुसरं दुकान नाही, तेव्हा भाव तो ठरवेल तो. पैसे नसले तरी हरकत नाही, तो स्वतःची पितळी नाणी किंवा पुठ्ठ्याचे तुकडे उसने द्यायचा. ते फक्त त्याच्याच तंबूत चालायचे, आणि पगाराच्या दिवशी आपली वसुली करायला तो टेबलाशी हजर. ऊसतोडीची उचल किंवा जुन्या काळच्या कारखान्यांतली कुपनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिपायांकडेही यावर एक इलाज होता. रात्री दहापंधरा जण जमायचे, सटलरच्या तंबूचे दोर कापायचे, आणि तो आत कापडाखाली धडपडत असताना माल पळवायचे. वरचे अधिकारी पुष्कळदा दुसरीकडे बघत असत.

युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, सटलर बंद करायचा कायदा केला. त्यांच्या जागी ‘पोस्ट ट्रेडर’ आले, म्हणजे पाटी बदलली. दहाच वर्षांत फोर्ट सिल या ठाण्यावरच्या अशा दुकानाच्या ठेक्यापायी अमेरिकेचे युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांच्यावर लाचखोरीचा महाभियोग चालला. तो लावायचा की नाही याचं मतदान व्हायच्या काही मिनिटं आधी त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे सिनेटमधून सुटले. कथा इतकी ओळखीची वाटली की अनुवाद करताना मी दोनदा तपासलं, आपण चुकून दुसरीच फाइल तर उघडली नाही ना.

इथवर आल्यावर मी खरं तर ‘छावणीतला दुकानदार’ लिहून मोकळी व्हायला हवी होती. पण शब्दांच्या मागे लागलं की माणूस पानिपतापर्यंत जातो, तसं झालं. मी तर त्याच्याही मागे, रोमपर्यंत गेले.

इंग्रजीत माल विकणाऱ्याचा जुना शब्द ‘मंगर’. मासे विकणारा फिशमंगर, लोखंडी सामान विकणारा आयर्नमंगर. तो लॅटिन ‘मँगो’वरून आला आणि त्याचा आंब्याशी काही संबंध नाही. मँगो म्हणजे मालाला रंगरंगोटी करून विकणारा व्यापारी, आणि विशेषतः गुलामांचा व्यापारी. हे व्यापारी रोमन सैन्याच्या पाठीमागून चालत. सीझरनं स्वतः लिहून ठेवलंय की इसवी सनापूर्वी ५७ साली एक गॉलिश गाव त्यानं जिंकलं आणि आतली सगळी माणसं एकगठ्ठा विकली. माणसं किती होती? तो म्हणतो, विकत घेणाऱ्यांनी मला आकडा सांगितला, ५३ हजार. जिंकणाऱ्यानं मोजली नाहीत, घेणाऱ्यानं मोजली. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आता फिशमंगर हा शब्दही जुनाट झाला, पण ‘वॉरमंगर’ चांगला टिकून आहे. आपण त्याला युद्धखोर म्हणतो. शब्दशः तो युद्ध विकणारा.

रोमनांची आणखी एक रीत होती. लुटीचा किंवा जप्तीचा माल विकायचा तर तिथे जमिनीत एक भाला रोवत आणि त्या भाल्याखाली लिलाव पुकारत. इंग्रजीत लिलावाला ‘सबहॅस्टेशन’ असा एक जुना जडबंबाळ शब्द होता, त्याचा अर्थ सरळ ‘भाल्याखाली’. स्पॅनिश लोक आजही लिलावाला ‘सुबास्ता’ म्हणतात. आपला ‘लिलाव’ पोर्तुगिजांकडून आला, त्याला भाला नाही. पण भाल्याखालची विक्री आपल्याला अनोळखी आहे असं समजायचं कारण नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या खजिन्यातून नाशिकचा हिरा इंग्रजांच्या हाती लागला. मुळात तो त्र्यंबकेश्वराचा. तो लंडनला गेला, तिथल्या जवाहिऱ्यांना विकला गेला आणि त्यांनी तो नव्यानं घासून पैलू पाडून घेतले. दख्खनच्या या लुटीतला वाटा कुणाला किती, यावर इंग्रज सेनापती पुढे कित्येक वर्षं आपसांत भांडत होते. ‘लूट’ हा शब्दही त्यांनी इथूनच उचलला. तो तिकडे जाऊन ‘लूट’च राहिला, त्याला मात्र पैलू पाडावे लागले नाहीत.

आणि आता आपण तो परत आणलाय. दसऱ्याच्या सकाळचं वर्तमानपत्र उघडून बघा. महालूट, लुटा लुटा, लुटीचे शेवटचे तीन दिवस. यातली दोन-तीन वाक्यं माझीच असतात, हे कबूल करते. आप्पा चष्मा नाकावर घेऊन जाहिरात वाचतात आणि विचारतात, “लुटायचंच असलं तर ह्ये पैसं कशाला मागत्यात?” दसरा हा मुळात सीमोल्लंघनाचा दिवस. पाऊस सरला, नद्या उतरल्या, घोड्यांना वाट झाली की मराठी फौजा मोहिमेवर निघायच्या. इंग्रजांचं ‘कॅम्पेन’ही तसंच. लॅटिनमधला मोकळ्या मैदानाचा शब्द, हिवाळा संपला की फौज मैदानात उतरते म्हणून मोहिमेला चिकटला. त्यांनी ते जाहिरातवाल्यांना दिलं, आपणही ‘मोहीम’ जाहिरातवाल्यांना दिली. कुणी कुणाचं पाहून केलं ते कळत नाही. ‘स्लोगन’ची गोष्ट तशीच. स्कॉटिश डोंगराळ मुलखातल्या टोळ्यांची रणगर्जना, आता ती टूथपेस्टच्या खोक्यावर असते.

सैनिकाचे शब्द बाजारात आले की त्यांचा भाव वधारतो, असं मला यातून दिसायला लागलं. सगळ्यात मजा ‘फ्रीलान्सर’ची. वॉल्टर स्कॉटनं १८१९ च्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत हा शब्द वापरला तो भाडोत्री भालाईतांसाठी. कुणा एका सरदाराला बांधलेले नाहीत, जो पैसे देईल त्याच्यासाठी भाला उचलतील. आज मी माझ्या नावापुढे हा शब्द अभिमानानं लावते. आप्पांना तो समजावून सांगायला गेले तर त्यांनी मलाच समजावलं.

“लॅपटॉप कुणाचा?”

“माझाच.”

“मग तू शिलेदार. आन् त्यो आपला किरण, पुण्यात कंपनीत हाय, त्याला कंपनीनं दिलाय न्हवं लॅपटॉप? त्यो बारगीर.”

शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. आयटी कंपनीतल्या माझ्या भावाला मी हे सांगितलं, तेव्हापासून तो मला ‘शिलेदारबाई’ म्हणतो आणि बिलं वेळेवर येतात का ते खवचटपणे विचारतो. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याचं स्वतःचं. गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हा हा भाग मला नीट कळला.

शिपायाचा शब्द मात्र उलट्या दिशेनं गेला. फारसीतला सिपाही आपल्या कचेरीत येऊन स्टुलावर बसला, फायली आणि चहा पोचवू लागला. इंग्रजीत त्याला ‘प्यून’ म्हणतात, तोही पोर्तुगिजांचा पायदळातला शिपाई. दोन वेगळ्या भाषांतले दोन शिपाई एकाच स्टुलावर येऊन बसले.

आणि विकणाऱ्याचे शब्द? त्यांचं काही खरं नाही. ‘चीप’ मुळात नुसता व्यापार. लंडनमधलं चीपसाइड म्हणजे बाजारपेठ. हाही शब्द लॅटिनमधल्या ‘काउपो’वरून, म्हणजे खाणावळवाला, फुटकळ विक्रेता, ज्याच्याशी जर्मन टोळ्यांची गाठ रोमनांच्या सरहद्दीवर पडली असणार. जर्मनांनी त्याचा प्रतिष्ठित ‘काउफमान’ केला, इंग्रजांनी त्याचं शेवटी ‘हलका माल’ करून टाकलं. फिरत्या विक्रेत्याला ते चॅपमन म्हणत. त्याचं आखूड रूप ‘चॅप’ आधी गिऱ्हाइकाला वापरलं जायचं, मग कुणाही इसमाला. आपणही एखाद्याला ‘काय गिऱ्हाईक आहे’ म्हणतोच, आणि मघाशी मी पिस्टलला तेच म्हणाले.

आता आप्पांचं दुसरं उत्तर. बुणगे म्हणजे फौजेचं जड सामान आणि त्याच्याबरोबरचा न लढणारा लवाजमा. बाजार म्हणजे बाजारच. पानिपताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण बाजारबुणग्यांपाशी येऊन सुस्कारा टाकतो : ते नसते तर फौज हलकी असती, भाऊसाहेब झटकन हलले असते. आज राजकारणी एकमेकांना हा शब्द फेकून मारतात. पण दिल्लीच्या वाटेवर त्या फौजेला दाणे, मीठ, नाल, चामडं कोण देत होतं, हा प्रश्न सुस्काऱ्यात बुडून जातो.

टॉमस ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्यानं तळ कसा पडतो ते लिहिलंय. आधी बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या डेऱ्याच्या जागी एक छोटं पांढरं निशाण रोवतो. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं येतील तशी लागत जातात. बाजारांना स्वतःची निशाणं होती! पुण्यात बिनीवाले आडनाव अजून आहे आणि आपण ‘बिनीचे कार्यकर्ते’ म्हणतो ते कौतुकानं. निशाण दोघांकडे होतं. बिनी मानाची ठरली आणि बुणगे शिवीचे.

शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं, चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या लष्कराला लिहिलेलं पत्र बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. रयतेकडून धान्य, भाकर, गवत, लाकूड, भाजी ओरबाडू नका, असं त्यात आहे आणि तेवढंच आपल्या लक्षात राहतं. पण त्याला लागून एक फार व्यवहारी गोष्ट आहे. तुम्हाला रोख पैसे दिले आहेत, लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या. आता बाजार असेल, दुकान मांडून कुणी बसलेला असेल, तरच ना शिपाई विकत घेणार. नाहीतर तो कुणब्याच्या परसात शिरणार. बाजारबुणग्याकडे या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं.

सटलर म्हटलं की आठवावी अशी एक बाई आहे, आणि तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. मेरी सीकोल. जमैकाची, वडील स्कॉटिश सैनिक, आई कृष्णवर्णी, औषधपाणी करणारी. क्रिमियन युद्धात नर्स म्हणून जाण्यासाठी तिनं लंडनमध्ये खेटे घातले, तिला कुणी घेतलं नाही. मग ती स्वतःच्या पैशानं गेली आणि १८५५ मध्ये बालाक्लाव्हाजवळ पत्रे, फळकुटं, मिळेल ते गोळा करून तिनं एक दुकान उभं केलं. नाव ठेवलं ब्रिटिश हॉटेल. सुईपासून नांगरापर्यंत काहीही इथे मिळतं, असं ती सांगायची. नांगर जहाजाचा, शेतातला नव्हे. सकाळी दुकान, आजाऱ्यांना औषध, आणि लढाई असली की खेचरावर खाऊपिऊ आणि पट्ट्या लादून थेट मैदानात. ऐपत असेल त्याच्याकडून ती पैसे घ्यायची. शिपाई तिला ‘मदर’ म्हणत.

आणि मग १८५६ मध्ये तह झाला. सगळ्यांना आनंद झाला, मेरीबाई बुडाल्या. कोठार मालानं भरलेलं, गिऱ्हाईक बोटीत बसून घरी चाललेलं. जो माल दुप्पट भावानं गेला असता तो मातीमोल झाला. लंडनला परतल्यावर तिचं दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी तिनं आत्मचरित्र लिहिलं आणि ते चांगलं खपलं, म्हणजे शेवटी तिला तारलं तेही विक्रीनंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या हातातला दिवा सगळ्या जगाला माहीत आहे. मेरीबाईंच्या हातातला तराजू चित्रात चांगला दिसला नसता.

आप्पांना ही गोष्ट मी दुकानात बसून सांगितली, दसऱ्याच्या सुट्टीत. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “उधारी किती अडकली व्हती तिची?” त्यांच्या गल्ल्याशेजारी एक लांब, लाल कापडी बांधणीची वही असते. गावातली बरीच पोरं फौजेत आहेत, त्यांच्या घरचा किराणा त्या वहीवर चालतो. पोरगा सुट्टीवर आला की आधी घरी पाणी पितो आणि तासाभरात इथे येतो. आप्पा पान काढतात, तो उभ्या उभ्या बघतो, पैसे देतो. ऑनलाइन पाठवायची सोय झाली तरी ही पद्धत मोडलेली नाही. मी म्हटलं, आप्पा, सटलर पगाराच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा, तुमच्याकडे पगारच चालत येतो. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

“मग काय लिव्हलंस शेवटी?”

“छावणीतला दुकानदार. पहिल्यांदा तेवढं, पुढं नुसतं दुकानदार.”

“शब्दाला किती देत्यात तुला?”

“मूळ शब्दामागं दीड रुपया.”

आप्पांनी चष्मा काढला. “म्हंजी त्या एका शब्दाचं चार दिसात दीड रुपयं मिळालं?”

“मिळाले नाहीत अजून. पंचेचाळीस दिवसांनी देतात.”

त्यांनी लाल वही पुढे ओढली, कोरं पान काढलं आणि टोपण दातात धरून विचारलं, “नाव काय त्या पार्टीचं?”